निघण्याआधीचे महिने

"ताई, तिथं मला रात्री शू लागली तर मी काय म्हणू?"

सहा वर्षांच्या मुलीनं मला हे विचारलं तेव्हा तिच्या मांडीवर इटलीहून आलेला आल्बम होता. त्यात तिची खोली होती, पिवळ्या रंगाची भिंत, पलंगावर कापडी ससा, दारात हात हलवत उभे असलेले, तिला दत्तक घेणारे आई आणि बाबा. शिशुगृहातल्या आम्ही सगळ्या जणी तो आल्बम बघून हरखून गेलो होतो. तिनं शांतपणे सगळी पानं उलटली आणि मग हा प्रश्न विचारला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला इटालियन येत नव्हतं, त्या आईबाबांना मराठी येत नव्हतं, आणि ते तिला न्यायला येणार त्याला जेमतेम तीन आठवडे उरले होते. त्याआधी अकरा महिने कागद फिरत होते. त्या अकरा महिन्यांत तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. सांगायचं नाही असंच ठरलं होतं. "उगाच आशा लावून ठेवायची आणि कुठं अडलं तर?" हे त्यामागचं कारण, आणि ते ठरवणाऱ्यांत मीही होते.

परदेशी दत्तकाबद्दल बोलताना आपण प्रतीक्षा हा शब्द कायम आईवडिलांसाठी वापरतो. किती वर्षं थांबले, किती कागद केले, किती वेळा नंबर मागे गेला. ते दुःख खोटं नाही. देशात आज तीस हजारांहून जास्त पालक नाव नोंदवून थांबलेले आहेत आणि लहान, निरोगी बाळ हवं असेल तर थांबणं तीन वर्षांच्या पुढे जातं. पण कागद ज्याच्या नावानं फिरतात ते मूलही त्याच वेळी कुठंतरी थांबलेलं असतं. त्याला आपण कशाची वाट बघतोय हेसुद्धा माहीत नसतं. जुळणी झाल्यापासून, म्हणजे कुठलं मूल कुठल्या पालकांकडे जाणार हे ठरल्यापासून, विमानात बसेपर्यंतचे महिने हे त्या मुलाचे महिने आहेत, आणि ते त्याच्या तयारीसाठी वापरणं ही संस्थेच्या मर्जीवर सोडलेली गोष्ट राहता कामा नये. ते बंधनकारक असलं पाहिजे, त्याची नोंद झाली पाहिजे आणि ती नोंद बघितल्याशिवाय दत्तकाचा आदेश निघता कामा नये. एवढंच मला सांगायचं आहे. पण ते पटायला आधी कुठली मुलं परदेशी जातात हे बघावं लागेल.

२०२४-२५ मध्ये देशात साडेचार हजारांवर दत्तकविधानं झाली. त्यांतली साडेतीनशेच्या आसपास मुलं देशाबाहेर गेली. मुलं दत्तक जाण्यात महाराष्ट्र वर्षानुवर्षं देशात सगळ्यांच्या पुढे आहे. कायदा असा आहे की मुलासाठी आधी भारतातलं घर शोधायचं. परदेशात राहणाऱ्या भारतीयांनाही इथल्या पालकांच्या बरोबरीनं धरतात. ठराविक दिवसांत इथल्या कोणीच हो म्हटलं नाही, तरच मूल परदेशी पालकांना दाखवतात. म्हणजे परक्या घरात जाणारं जवळजवळ प्रत्येक मूल हे आधी आपण नाकारलेलं मूल असतं. कोणाचा ओठ फाटलेला, कोणाच्या हृदयाला छिद्र, कोणाला नीट ऐकू येत नाही, कोणी दोन भावंडं आहेत आणि दोघांना एकत्र न्यायचं आहे, आणि कोणाचा दोष एवढाच की ते पाच, सहा, आठ वर्षांचं आहे. आपल्या लोकांना दोन वर्षांच्या आतलं, "अंगावर रुळेल असं" बाळ हवं असतं. पालकांच्या तोंडून मी हे शब्द इतक्या वेळा ऐकले आहेत की आता ते ऐकू आले की मी खिडकीबाहेर बघते.

तान्हं बाळ परदेशी गेलं तर त्याला दूध, ऊब आणि माणसं पुरतात. भाषा ते नव्यानं शिकतं. परदेशी जाणारी बरीचशी मुलं मात्र बोलती, आठवणी असलेली, आवडीनिवडी ठरलेली असतात. त्यांना मराठीत स्वप्नं पडतात. ज्या दत्तकात मुलाची तयारी सगळ्यात जास्त लागते, तिथंच ती सगळ्यात कमी होते.

आईवडिलांची तयारी बघा. त्यांच्या देशातली अधिकृत संस्था महिनोन्‌महिने त्यांच्या घरी येते. गृहभेट अहवालात त्यांचं उत्पन्न, आजारपण, लग्न, बालपण, पोलिसांचा दाखला, शेजाऱ्यांचं मत, सगळं असतं. पुष्कळ देशांत त्यांना प्रशिक्षणाचे वर्ग सक्तीचे आहेत. मग फाइल दिल्लीला 'कारा'कडे, म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे येते. जुळणी, ना-हरकत प्रमाणपत्र, आदेश, जन्मदाखला, पासपोर्ट, व्हिसा. या प्रत्येक टप्प्याला नमुना आहे, शिक्का आहे, मुदत आहे. मुलाच्या बाजूला काय आहे? वैद्यकीय अहवाल, बाल अभ्यास अहवाल आणि फोटो. ते मुलाबद्दलचे कागद झाले. मुलासाठी केलेली गोष्ट त्यांत एकही नाही.

आपण जी बांधिलकी कधीच पत्करली आहे ती मात्र याहून मोठी आहे. आंतरदेशीय दत्तकाबद्दलचा हेग करार १९९३ चा. भारतानं तो २००३ मध्ये मान्य केला. त्याच्या चौथ्या कलमात स्वच्छ म्हटलं आहे की मुलाचं वय आणि समज लक्षात घेऊन त्याचं समुपदेशन झालेलं असलं पाहिजे, दत्तक म्हणजे काय होणार हे त्याला सांगितलेलं असलं पाहिजे आणि त्याची इच्छा विचारात घेतलेली असली पाहिजे. हे घडल्याची खात्री करायची जबाबदारी मुलाच्या मायदेशावर, म्हणजे आपल्यावर आहे. प्रत्यक्षात या कलमाचं काय होतं? मी बघितलेल्या एका फाइलमध्ये 'बालकाचे समुपदेशन करण्यात आले' असं एक वाक्य होतं. खाली तारीख होती, सही होती. ते समुपदेशन वीस मिनिटांचं होतं, आणि त्यातला अर्धा वेळ मूल पेन्सिलीला टोक काढत बसलं होतं.

आता थांबण्याबद्दल. सगळं थांबणं वाईट नसतं, आणि ही गोष्ट वाट बघून थकलेल्या पालकांना पटवणं मला नेहमी जड गेलं आहे. आईनं बाळ संस्थेच्या स्वाधीन केलं तर तिला विचार बदलायला दोन महिने मिळतात. टाकून दिलेलं मूल सापडलं तर बालकल्याण समिती पोलिसांकडून शोध घेते, वर्तमानपत्रात फोटो छापून येतो, 'संबंधितांनी संपर्क साधावा'. मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर दोन महिने आणि मोठं असेल तर चार महिने, एवढ्या मुदतीत समितीनं ते दत्तकासाठी मोकळं आहे की नाही याचा निर्णय द्यायचा. ही मुदत कमी करा असं कोणी म्हणालं तर मी आडवी येईन. मी स्वतः एका आईला पन्नासाव्या दिवशी परत आलेली बघितली आहे. पावसात भिजून, एसटीनं आली होती, कडेवरच्या पिशवीत बाळाचं झबलं होतं. ते बाळ आज तिच्याकडे आहे.

या सावकाशीचं मोल काय, ते दुसऱ्या देशांकडे बघितलं की कळतं. दक्षिण कोरियानं युद्धानंतरच्या दशकांत दोन लाखांच्या आसपास मुलं परदेशी पाठवली. त्यांतल्या कितीतरी मुलांना आईवडील असताना अनाथ म्हणून दाखवलं होतं. तिथल्या सत्यशोधन आयोगानं २०२५ च्या मार्चमध्ये याची जबाबदारी सरकारवर ठेवली आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली. नेदरलँड्सनं २०२४ मध्ये परदेशातून नवी मुलं दत्तक घेणं बंद करायचं ठरवलं. स्वीडनमध्ये २०२५ मध्ये चौकशी आयोगानं तीच शिफारस केली. आपणही हात झटकू शकत नाही. परदेशी दत्तकात चाललेल्या गैरप्रकारांबद्दल लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, त्याचीच याचिका झाली, आणि १९८४ मध्ये न्यायमूर्ती भगवतींनी जो निकाल दिला त्यावर आजची सगळी व्यवस्था उभी आहे. आधी देशातलं घर, मग बाहेरचं, हे त्याच निकालानं घालून दिलं. त्याच्या आधी आणि नंतरही काही वर्षं पैशांसाठी मुलं पाठवली गेली, आणि त्यात आपल्या राज्यातल्या संस्थाही होत्या.

मग हे बंदच का करू नये? विचारणारे प्रामाणिक आहेत. मीही काही वर्षं त्यांच्या बाजूनं होते. पण ज्या आठ वर्षांच्या मुलाला देशातल्या हजारो प्रतीक्षेतल्या पालकांपैकी कोणीही हो म्हटलेलं नाही, त्याच्यासमोर उभं राहून "तुला घर देणारे एक जोडपं होतं, पण तत्त्व म्हणून आम्ही नाही म्हटलं" असं म्हणायचं धाडस माझ्यात नाही. अठरा पूर्ण झाली की त्याला बालगृहातून बाहेर पडावं लागतं. ट्रंक घेऊन फाटकाबाहेर उभी राहिलेली ती मुलं मी बघितली आहेत. ज्या दिवशी आपले लोक त्या आठ वर्षांच्या मुलाला हो म्हणतील त्या दिवशी परदेशी दत्तक आपोआप संपेल, आणि मला त्याचा आनंद होईल. तोवर ते चालू ठेवायचं तर नीट करायचं.

नीट म्हणजे कसं, याचं एक उदाहरण मराठी माणसाला परकं नाही. १८७५ मध्ये मालेगावजवळच्या कवळाण्याहून गोपाळराव नावाचा बारा वर्षांचा शेतकरी मुलगा बडोद्याला नेला. महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतलं आणि तो सयाजीराव झाला. तो नव्या जगात आला तेव्हा त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याच्यासाठी इलियट नावाचे शिक्षक नेमले, मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा चार भाषा रोज शिकवल्या, आणि १८८१ च्या डिसेंबरात त्याच्या हाती कारभार दिला. सहा वर्षांहून जास्त काळ एका मुलाची तयारी चालली, कारण गादीचा प्रश्न होता. आपल्याकडे दत्तक हा शब्दच गादी, वतन, पिंड, वंश यांच्याभोवती वाढला. सातारा आणि झाशी खालसा झाली तीही दत्तक नामंजूर करून. दत्तक जाणाऱ्या मुलाला काय वाटलं हे त्या कागदांत कुठं सापडत नाही. शिशुगृहातल्या मुलामागे गादी नाही, म्हणून त्याच्या वाट्याला तयारीही नाही.

मला जी तयारी हवी आहे ती महागडी नाही. जुळणी पक्की झाली की त्या आठवड्यात मुलाला सांगायचं, त्याला कळेल अशा शब्दांत. "तुझ्यासाठी एक आई आणि बाबा तयार होत आहेत. ते लांब राहतात. कागद व्हायला वेळ लागेल. कधीकधी कागद होत नाहीत, तसं झालं तर मी तुला लगेच सांगेन." या शेवटच्या वाक्यालाच संस्था घाबरतात, आणि त्यांची भीती खोटी नाही. चीननं २०२४ मध्ये परदेशी दत्तक बंद केलं तेव्हा करोनाच्या आधी जुळणी झालेली शेकडो कुटुंबं अधांतरी राहिली. त्या मुलांनी घराचे फोटो बघितले होते. त्यांचं काय झालं असेल या विचारानं मला झोप लागत नाही. तरीही मुलापासून लपवावं असं मला वाटत नाही. शिशुगृहातल्या मुलाला सगळं कळतं. डॉक्टर दोनदा आले, नवे कपडे आले, फोटो काढले, मावश्या बघून कुजबुजल्या, यातून ते काय ओळखायचं ते ओळखतं. न सांगितलेली गोष्ट ते मनात रचतं, आणि रचलेली गोष्ट बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा भीतिदायक असते. एका मुलाला वाटत होतं की ऑपरेशन करायला नेणार आहेत आणि मग परत आणणार नाहीत.

मग भाषा. जुळणीनंतरचे महिने दोन्हीकडे भाषेला दिले पाहिजेत. मुलाला त्या देशाची भाषा यायला हवी असं मी म्हणत नाही, ती तिथं गेल्यावर सहा महिन्यांत येते. पण पहिल्या सहा आठवड्यांसाठी आईबाबांना मराठी यायला हवं. तीस शब्द. भूक, पाणी, शू, शी, दुखतंय, नको, बास, भीती वाटते, दिवा राहू दे, जवळ घे, मी इथंच आहे. हे शब्द ज्या आईला येत नाहीत ती कितीही मायाळू असली तरी रात्री दोन वाजता रडणाऱ्या मुलाला ती परकी बाईच असते. आठवड्याला एकदा व्हिडिओ कॉल, दुभाषी धरून. पुण्यात, मुंबईत, नागपुरात इटालियन, स्पॅनिश, फ्रेंच शिकणाऱ्या मुलांची कमी नाही. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांनी गणपती आणि दिवाळीच्या पलीकडे एक काम हाती घ्यायचं ठरवलं तर ते हे आहे: आपल्या गावात मराठी बोलणारं मूल दत्तक आलं असेल, त्याच्या आईबाबांची परवानगी असेल, तर पहिल्या महिन्यात कोणीतरी घरी जाऊन त्याच्याशी मराठीत दोन गोष्टी बोलाव्यात. वरणभात कसा लावायचा ते दाखवावं. मूल आपलं असल्याचा हक्क सांगायला जाऊ नये, तेवढं मात्र बजावते.

आणि निरोप. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक इथं होते. मुलाला ज्या मावशीनं अंघोळ घातली, घास भरवला, तापात मांडीवर घेतलं, तिला शेवटच्या दिवशी मुद्दाम सुट्टी देतात. "तिला बघून मूल रडेल." रडू दे की! चार वर्षं जिच्या कुशीत झोपलं तिला सोडताना मूल रडलं नाही तर काळजी करायला हवी. मावशीनं स्वतः मुलाचा हात नव्या आईच्या हातात दिला तर त्या मुलाला एक गोष्ट कळते, जी कुठल्याही समुपदेशकाला सांगता येत नाही: मला टाकलेलं नाही, पाठवलेलं आहे. मावशीचा फोटो, तिचा आवाज, मुलाची जीवनपुस्तिका, म्हणजे कुठं सापडलं, नाव कोणी ठेवलं, पहिला दात कधी आला, कोण मित्र होते, हे सगळं बॅगेत गेलं पाहिजे. आणि त्याची एक प्रत संस्थेच्या कपाटात राहिली पाहिजे.

त्या कपाटाची किंमत तीस-चाळीस वर्षांनी कळते. नागपुरात १९८५ मध्ये जन्मलेलं, बाळ असतानाच नेदरलँड्सला गेलेलं एक मूल मोठं होऊन तिथल्या हेमस्टेड गावाचं महापौर झालं. फाल्गुन हे त्याचं नाव इथल्या माणसांनी महिन्यावरून ठेवलेलं आणि तिकडच्या आईबाबांनी तसंच राहू दिलेलं. तो आपल्या जन्मदात्रीला शोधत नागपूरला आला. असे शोधणारे किती तरी जण आहेत. नियमांत मुळं शोधायचा हक्क दिलेला आहे, आणि जन्मदात्या आईच्या खासगीपणाला धक्का न लावता तो वापरायचा आहे, हेही योग्यच. पण फाइलच वाळवीनं खाल्ली असेल तर तो हक्क घेऊन कुठं जायचं?

कागद अर्धे ठेवले की काय होतं याची गोष्ट मुंबईची आहे. १९८९ मध्ये एक लहान मुलगी इथून अमेरिकेत दत्तक गेली. तिच्या नागरिकत्वाचा कागद कोणीच पूर्ण केला नाही. २००८ मध्ये, लग्न होऊन दोन मुलांची आई झालेली असताना, तिला अमेरिकेनं 'परत' मुंबईला पाठवलं. इथं तिचं कोणी नव्हतं आणि इथली भाषा तिला येत नव्हती. अमेरिकेत आता दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व मिळतं. पण पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांनी जे पाठपुराव्याचे अहवाल येतात ते इथं कोणी वाचतं का, हा प्रश्न आजही विचारायला हवा. वाचून मावशीला सांगतं का, हा त्याहून.

मला माहीत आहे, कोणी म्हणेल की हे सगळं साडेतीनशे मुलांसाठी. ते देशातल्या दत्तकांनाही लागू आहे. २०१४ ते २०१९ या पाच वर्षांत दत्तक दिलेली अकराशेच्या वर मुलं पालकांनी संस्थांना परत केली. मोठी मुलं रुळत नाहीत, असं कारण येतं. रुळायला त्यांना किंवा पालकांना कोणी शिकवलं होतं? पुण्याहून लातूरला जाणाऱ्या सात वर्षांच्या मुलालाही निरोप हवा असतो. परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांनाही एक सांगणं आहे. बहिणीचं किंवा भावाचं मूल दत्तक घ्यायचं असेल तर फक्त दत्तकपत्र नोंदवून तिकीट काढू नका. 'कारा'कडून आणि तुमच्या देशाच्या दत्तक खात्याकडून आधी सुरुवात करा. व्हिसा अडला की आजोळी वर्षानुवर्षं अडकून पडतं ते मूलच.

त्या सहा वर्षांच्या मुलीसाठी आम्हाला तीनच आठवडे मिळाले. त्यात जमेल तेवढं केलं. इटालियन शिकणाऱ्या एका कॉलेजच्या मुलीनं एकतीस शब्दांची यादी करून दिली, मावशीनं प्रत्येक शब्द फोनवर आपल्या आवाजात म्हटला, आणि तिकडच्या आईनं तो कागद स्वयंपाकघरात चिकटवला. पहिल्या अहवालासोबत तिचं पत्र आलं. रात्रीची अडचण सुटली होती. पण मुलगी दिवसातून दहा वेळा एक शब्द म्हणते, 'नगं', तो यादीत नाही, शब्दकोशातही सापडला नाही, तिला काय हवं आहे ते कृपया कळवा, असं तिनं लिहिलं होतं. ते 'नको' आहे, मी कळवलं. मावशी सोलापूरकडची.